बेल्ट जड लागते

मनीषनगरात रेल्वेलाइन ओलांडून थोडं पुढे गेलं की एक उंच बिल्डिंग बांधून होत आहे. तिच्या साइटवर सकाळी कामाच्या आधी शाळा भरते. हसू नका, कामगार तिला शाळाच म्हणतात. 'म्याडमची शाळा'. म्याडम म्हणजे दामिनी खोब्रागडे, सेफ्टी सुपरवायझर, राहणार इंदोरा. एका पालथ्या ड्रमवर चढून ती शिट्टी मारायची आणि समोर जमलेल्या मिस्त्र्यांना आणि रेजांना, म्हणजे मजूर बायांना, रोज तेच पाढे म्हणून दाखवायची. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळा, नुसतं टोपलं डोक्यावर उपडं घालू नका. स्लीपर घालून परांचीवर चढू नका. स्लॅबमधल्या भोकावर प्लाय झाकलेली असेल तर ती उचलून पुढे पाऊल टाकू नका, तिच्याखाली जमीन नाही. आणि बाहेरच्या भिंतीवर काम असेल तर बेल्ट घाला, दोरीचा हुक पाइपला लावा, एका पाइपला एकच हुक. बेल्टपाशी आली की तिचा आवाज चढायचा.

"हाव म्याडम," सगळे एका सुरात म्हणत. मग बेल्टवाले ओळीनं हुक लावून उभे राहत, दामिनी मोबाइलवर फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकी, आणि फोटो गेला रे गेला की अर्धे हुक सुटलेले असत. देखल्या देवा दंडवत! कोणी म्हणे घामोळं येते, कोणी म्हणे हात अडकते. एक म्हातारा मिस्त्री तर सरळ विचारी, "आमी का बैल आहो का म्याडम, दावणीले बांधाले?" दामिनी त्याच्या मागे वरपर्यंत जायची आणि हुक स्वतःच्या हातानं लावून खाली यायची. ती खाली पोचेपर्यंत तो पुन्हा सुटलेला असायचा.

न सांगता हुक लावणारा अख्ख्या साइटवर एकच. तिचा धाकटा भाऊ संघपाल. बाहेरच्या प्लास्टरवर तो भैय्याजी मुकादमाच्या हाताखाली होता, आणि ही नोकरी त्याला दामिनीनंच लावून दिली होती. "मी नाही लावला हुक तं घरी जेवाले नाही भेटत," तो पोरांना सांगायचा. साइटवर तिला मुद्दाम 'म्याडम' म्हणायचा, वर सलाम ठोकायचा. "उद्या नवऱ्याले बी अशीच शिट्टी मारशीन का वं ताई?" दामिनी त्याच्या हेल्मेटवर टपली मारायची.

दोघं एकाच स्कूटीवर यायची आणि एकाच स्कूटीवर परत जायची. त्यांची माय, पार्वतीबाई, संध्याकाळी दारातच बसलेली असायची. बाप लहानपणीच गेला होता, त्यामुळे मायचं सगळं या दोघांत अडकलेलं. मुलाला उंचावर चढवायला ती मुळीच तयार नव्हती. दामिनीनं तिला कबूल केलं होतं, तो माझ्या नजरेसमोर राहीन. माय म्हणाली होती, "जसा घेऊन जातेस तसा घेऊन येत जा." बस, एवढंच. दामिनीला आयुष्यात दुसरं काही नको होतं म्हटलं तरी चालेल.

होळी होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा दुलीचंदचं झालं.

दुलीचंद बालाघाटकडचा मिस्त्री, हसरा, साइटवर सगळ्यांचा लाडका. पश्चिमेच्या भिंतीवर, पार वरच्या मजल्याला प्लास्टर सुरू होतं. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर त्याच्या पायाखालची फळी सरकली आणि तो गेला. पण त्या दिवशी नेमका त्याचा हुक लागलेला होता. दोरी ताणली, हिसका बसला, आणि गडी भिंतीपासून हातभर अंतरावर लटकत राहिला. खालून एकच आरोळी उठली. मग टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. दुलीचंदनं वरून हात हलवला. "बच गये रे!" कोणीतरी मोबाइल काढला.

दामिनी तेवढी ओरडत सुटली. "ओढा त्याले वर! लटकू देऊ नका!" बेल्टमध्ये माणूस नुसता लटकत राहिला तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, पायात उतरलेलं रक्त वर चढत नाही, आणि हसता-बोलता माणूस बघता बघता संपतो, हे तिला माहीत होतं. पण ऐकतं कोण? पडला तो मेला आणि अडकला तो वाचला, एवढाच हिशेब साइटवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. भैय्याजी प्लास्टरचा मुकादम, केस पांढरे झालेला माणूस. तो शांतपणे म्हणाला, "अवो म्याडम, बेल्ट लागला आहे न. वाचला तो. आता काय घाई आहे? जेवण होऊ द्या पोरायचं, मंग घेतो वर."

दामिनी धावत वर गेली. दोर नव्हता, शिडी पोचत नव्हती, लिफ्टवाला डबा घेऊन कुठेतरी सावलीत गेलेला. ती स्लॅबवर पालथी पडून त्याच्याशी बोलत राहिली. "पाय हलव, दुलीचंद, पाय हलवत राहा." तो हलवत होता. मग म्हणाला, "नींद आ रही है म्याडम." मग मान खाली गेली. पोरांनी हात धुऊन दोर आणला तेव्हा त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, पण जीवही नव्हता.

त्याच्या गावची माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. थोडे दिवस काम बंद राहिलं, मग सुरू झालं. बैल गेला अन् झोपा केला, तसं सगळं सामान आलं. नवे बेल्ट आले. माणूस लटकला तर वर ओढायला जाड दोर आणि कप्पी आली. दामिनीनं ती गच्चीवर बसवून घेतली, पोरांना ओढायला शिकवलं, पुन्हा पुन्हा करून घेतलं. एकदा माणसाचा भार झेललेला बेल्ट परत वापरायचा नसतो, म्हणून दुलीचंदचा बेल्ट तिनं ग्राइंडरखाली धरून स्वतः कापला. तुकडे सुद्धा वेगळे टाकले. पुढे जे झालं ते त्या बेल्टमुळे झालं असं कोणी म्हणू नये.

सुरुवात अगदी साधी झाली. एका सकाळी एक मिस्त्री खाली आला आणि बेल्ट काढून तिच्या पुढे टाकून म्हणाला, "म्याडम, हा बदलून द्या. जड लागते."

"नवा आहे. अंगवळणी पडीन."

"घालाले जड नाही लागत," तो म्हणाला. "हुक लावला का मंग लागते."

तिनं त्याला दुसरा दिला. दुपारी तो दुसराही परत आला. मग आणखी एक जण आला, मग दोघं बरोबर आले. सगळ्यांचं म्हणणं एकच. पश्चिमेच्या भिंतीवर गेलं आणि हुक पाइपला अडकवला की खांद्यावर ओझं येतं, मांडीचे पट्टे रुततात, दोरी सैल असायला पाहिजे तर ती ताठ होते. पोतं टांगल्यासारखं म्हणाला एक जण. दुसरा त्याला म्हणाला, पोतं हलत नाही बे.

दामिनी काही अशी तशी बाई नव्हती. भुताखेतांच्या गोष्टी तिच्या घरात कोणी कधी केल्या नव्हत्या, आणि केल्या असत्या तर तिच्या बापानं उठवून लावलं असतं. तिनं एकेक बेल्ट उन्हात पसरून तपासला. शिवण पाहिली, कड्या पाहिल्या, हुकाची खिट्टी पाहिली. स्वतः अंगावर चढवून वर गेली, त्याच पाइपला हुक लावून वाकून उभी राहिली. काहीच नाही. दोरी तिच्या पाठीमागे सैल लोंबत होती. "पाहा!" ती पोरांना म्हणाली. "मनाचे खेळ आहेत." पोरं 'हाव म्याडम' म्हणाली. पण 'हाव'मध्ये दम नव्हता.

भैय्याजीनं गुपचूप त्या पाइपला लिंबू-मिरची बांधली. नारळ फोडला. पंधरवडा गेला, ऊन चढत गेलं, आणि हळूहळू पश्चिमेकडे कोणी हुक लावेनासं झालं. आधी फोटोपुरता तरी लावत होते. आता फोटोलाही नकार. दामिनी भांडली, कामावरून काढीन म्हणाली, हातापाया पडली. म्हातारा मिस्त्री म्हणाला, "पडलो तं एकटा पडीन म्याडम. हे दुसऱ्याचं ओझं नाही झेपत."

संघपाल मात्र हुक लावत होता. आणि त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हता.

एका संध्याकाळी तो कूलरपुढे बनियनवर बसला होता. माय ताट घेऊन आली आणि तिच्या हातून ताट जमिनीवर आपटलंच. त्याच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्याच्या रुंदीचे काळेनिळे वळ होते. "कोणं मारलं रे तुले?" त्यानं हसून टॉवेल ओढला. माय आत गेल्यावर दामिनी त्याच्याजवळ बसली.

"खरं सांग संघ्या. तुले बी जड लागते?"

त्यानं कूलरच्या जाळीवर पाणी शिंपडलं. "जड लागते तं लागते. त्याचं काही नाही ताई." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तो अवघडला का बाजू बदलते. तेवाच जरा सांभाळा लागते."

दामिनीनं त्याचा टॉवेल धरला. "कोण तो?"

"माहीत नाही न. मी खाली पाहतच नाही."

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जण पार्किंगच्या सावलीत आडवे झालेले असताना, ती एक नवा कोरा बेल्ट घेऊन वर गेली. ऊन असं की पाइपला हात लावता येत नव्हता. वाऱ्याचं नाव नाही. तिनं दोरीचा हुक पाइपला अडकवला आणि रिकामा बेल्ट कठड्यावरून खाली सोडला. तो भिंतीला लागून केळीच्या सालीसारखा लुळा लोंबत राहिला. दामिनी वाकून पाहत होती. वरून एक विमान सोनेगावकडे उतरत गेलं, त्याचा आवाज विरला, आणि आपण वेडे आहोत असं वाटून ती दोरी ओढायला वाकली.

दोरी ताठ झाली होती.

हिसका बसला नव्हता. आवाज नव्हता. हळूच, कोणी खुर्चीत बसावं तसा बेल्टनं भार घेतला होता. पट्टे लुळे नव्हते. छातीवरचा पट्टा पुढे फुगला होता. खालचे मांडीचे दोन्ही पट्टे गोल झाले होते, घट्ट आणि भरलेले, आणि त्यांच्या आत पलीकडची प्लास्टरची भिंत स्वच्छ दिसत होती. मग अख्खा बेल्ट सावकाश एका बाजूला कलला. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला कलला. दामिनीनं दोन्ही हातांनी दोरी धरून ओढली. ती बोटभर सुद्धा वर आली नाही. आणि मग एकदम सगळं सैल पडलं, आणि रिकामा बेल्ट तिच्या हातात आला. वरून उन्हानं तापलेला होता. पट्ट्यांची आतली बाजू गार होती.

ती तिथंच खाली बसली आणि रडली. भीतीनं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पण भीतीपेक्षा मोठं एक संकट तिच्या डोक्यात उभं राहिलं होतं. आता भावाला सांगायचं काय? हुक लाव म्हणावं तर ते खाली बसलेलं. नको लावू म्हणावं तर खाली जमीन. रोज सकाळी ड्रमवर उभं राहून जे शेकडोंना सांगते ते एकट्या सख्ख्या भावाला सांगता येईना. इकडे आड, तिकडे विहीर.

तिनं एकच मार्ग काढला. भैय्याजीला गाठून हात जोडले. "भैय्याजी, संघपालले आतल्या प्लास्टरवर घ्या. बाहेर पाठवू नका."

भैय्याजीनं खाली पाहत मान हलवली. "घेतो पोरी," एवढंच म्हणाला. दुलीचंदपासून तो तिच्याशी नजर चुकवूनच बोलायचा.

संघपाल आत गेला. खांद्यांवरचे वळ पिवळे पडले, मग पुसले. तो पुन्हा मस्कऱ्या करायला लागला. दामिनीला वाटलं, सुटलो. दुसरीकडे कुठेतरी त्याला काम पाहावं, मग आपणही ही साइट सोडावी, असं तिनं मायला सांगूनही टाकलं. नवतपा, उन्हाळ्याचे ते नऊ जहाल दिवस, संपला की जाऊ म्हणाली.

नवतपा सुरू असतानाच ऑफिसचे साहेब लोक साइट पाहायला आले. त्यांना बाहेरच्या भिंतीवर बेल्ट लावून काम करणारी माणसं पाहायची होती. दामिनी त्यांच्याबरोबर खाली फाटकापाशी उभी होती, पाण्याच्या बाटल्या वाटत होती. वर भैय्याजी एकेकाला विनवत होता आणि एकही जण पश्चिमेच्या परांचीवर जाऊन हुक लावायला तयार नव्हता. हे सगळं तिला मागाहून कळलं. संघपालनं आतून ते ऐकलं. हातातली थापी ठेवली आणि म्हणाला, "माझ्या बहिणीच्या साइटवर हुक लावणारा एक बी माणूस नाही, असं दिसू नये गा." बेल्ट चढवला आणि खिडकीच्या भोकातून बाहेर गेला.

खालून साहेबांनी बोट केलं. "तो बघा, व्हेरी गुड."

दामिनीनं वर पाहिलं. चालण्यावरून ओळखलं.

ती ओरडली तेव्हा त्यानं हुक लावला होता. तिचा आवाज ऐकून त्यानं वरून सलाम ठोकला. आणि मग तो पडला म्हणता येणार नाही. फळी सरकली नाही, पाय घसरला नाही. दोरी ताठ झाली, पाइप मधोमध खाली वाकला, आणि उभा माणूस कोणी बोट धरून न्यावा तसा फळीवरून हळूच खाली नेला गेला.

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी मोबाइल काढला नाही. शिकवलं होतं तसं सगळे गच्चीकडे धावले. कप्पी होती, दोर होता. म्हातारा मिस्त्री खिडकीतून अर्धा बाहेर झुकला आणि त्यानं संघपालच्या पाठीवरच्या कडीत दोर अडकवला. दामिनी वर पोचली तेव्हा भैय्याजीसकट सगळे दोराला लागले होते. कुठेही उशीर झाला नव्हता. काहीही चुकलं नव्हतं.

"लागला पाहा बेल्ट, ताई!" खालून संघपाल हसला.

"ओढा!"

दोर हलला नाही.

अंगानं काडी असलेला पोरगा. आणि सिमेंटची पोती खेळण्यासारखी उचलणारी ती सगळी माणसं. हात सोलले, पाय घासले, कप्पी कुरकुरली. दोर हलला नाही.

दामिनी कठड्यावर पालथी पडली. "संघ्या, पाय हलव!"

"हलत नाही न ताई. धरले आहेत."

"हलव रे राजा!"

"ताई, तू खाली पाहू नको."

तिनं पाहिलं. संघपालच्या पायाखाली ऊन होतं, आणि ऊन संपलं की जमीन होती. दुसरं काही नव्हतं. फक्त त्याचे दोन्ही बूट खाली खेचलेले होते, टाचा अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

त्याचं हसणं थांबलं. आवाज पेंगुळला. तो कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान कलती करून म्हणाला, "तो म्हणते, आता काय घाई आहे."

भैय्याजीचे हात थांबले.

"म्हणते, जेवण होऊ द्या पोरायचं."

भैय्याजीनं दोर सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मटकन खाली बसला. बाकीचे ओढत राहिले.

"संघ्या."

"झोप येऊन राहिली ताई."

"संघपाल!"

मान खाली गेली.

त्याच क्षणी दोर हलका झाला. ओढणारे सगळे एकमेकांवर पाठीवर पडले. मग त्याला वर घ्यायला एकटी दामिनी पुरली. अंगावर ओरखडा नव्हता.

त्या संध्याकाळी स्कूटी साइटवरच राहिली. मायपुढे दामिनी कशी उभी राहिली आणि काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. मायनं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. दाराशी बसायचं मात्र सोडून दिलं.

आणि साइटवर काय झालं असेल? बेल्ट हलके झाले. सगळे. पश्चिमेच्या भिंतीवर धीर करून एकानं हुक लावला, मग दुसऱ्यानं लावला. काही नाही. दोरी सैल. भैय्याजी काम सोडून गावी निघून गेला, जुनी टोळी पांगली, पवनी-भंडाऱ्याकडून नवी माणसं आली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ती हसतखेळत बेल्ट घालत, फोटो झाल्यावरही हुक काढत नसत. ऑफिसात या साइटचं नाव चांगलं झालं.

लोकांना वाटलं दामिनी नोकरी सोडेल. तिनं सोडली नाही. सकाळी ड्रमवर चढून ती पाढे म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत बेल्ट चढवून एकटी वर जायची, पश्चिमेच्या परांचीवर उतरून त्याच पाइपला हुक लावायची, आणि फळीवर पाय सोडून बसायची. ती वाट पाहायची. खांद्यावर ओझं यावं, पट्टे रुतावे, दोरी ताठ व्हावी. एकदा, फक्त एकदा तो, तिचा संघ्या, अवघडून बाजू बदलतो आहे हे कळावं. ते भीतीचं उरलं नव्हतं. तिच्याकडे मागायला दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

रोज दोरी तिच्या पाठीमागे सैल लोंबत राहायची. सुट्टी संपायची आणि ती हुक काढून खाली यायची. एवढंही नशिबात नाही, असं मनाशी म्हणायची.

आषाढ लागला होता. आभाळ उघडं होतं, भिंती ओल्या होत्या. दामिनी तशीच फळीवर बसली होती. पाठीमागे खिडकीच्या भोकात पैंजणांचा आवाज झाला. त्याच सकाळी कामावर लागलेली एक रेजा, गोपिका नावाची, रिकामं घमेलं घेऊन उभी होती. शाळेत ती सगळ्यात पुढे उभी होती आणि एकेक गोष्ट तोंडातल्या तोंडात घोकत होती.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचार न."

"सकाळी तुमीच सांगतलं न, एका पाइपाले एकच हुक लावाचा म्हणून?" गोपिका भिंतीला धरून थोडी पुढे वाकली, तिच्या पायांखाली पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "मंग तुमी तिघं जण एकाच पाइपाले काहून लागून राहिले?"

आणि घमेलं कमरेवर टेकवून ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.